कागदांचे घरकाम कोणी करायचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रावर एक बाई आली. चाळिशीच्या आतबाहेरची. सोबत बारावी झालेली मुलगी. खुर्चीवर बसता बसताच ती म्हणाली, "ताई, मी नवीन नाही. आठ वर्षांमागं इथंच आले होते. तेव्हा दुसऱ्या ताई होत्या, चष्मेवाल्या. त्यांनी सगळं लिहून घेतलंय. ह्यांची सहीपण घेतली होती कागदावर."

चष्मेवाल्या ताईंना संस्था सोडून पाच वर्षे झाली. मी बाईचे नाव विचारले, कपाट उघडले, त्या सालच्या फायली काढल्या. नाव सापडेना. आदल्या आणि पुढच्या सालच्या पाहिल्या. संगणकावर शोधले. शेवटी तिच्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा सांगाल का?" तिने मुलीला बाहेर ओट्यावर पाठवले आणि लग्नापासूनचे सारे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. दीड तास लागला.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली, म्हणजे २००५ च्या कायद्याखाली, आम्ही तिचा अर्ज केला. समोरच्या वकिलांनी एकच मुद्दा धरून ठेवला: इतकी वर्षे मारहाण होत होती तर बाईने कुठेच तक्रार कशी केली नाही? तिने केली होती. आमच्याकडेच केली होती. पण दाखवायला कागद नव्हता. मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर आली, तेव्हा मागितली होती त्याहून बरीच कमी रक्कम एकदाच घेऊन बाईने तडजोड केली.

दिवाळीनंतर भिंतीला ओल आली म्हणून आम्ही कपाट रिकामे केले आणि फाईल हाती लागली. ती कुठे गहाळ झालेली नव्हती. कपाटातच होती, नवऱ्याच्या आडनावाखाली लावलेली. बाईने मधल्या काळात माहेरचे नाव लावायला सुरुवात केली होती आणि मला तेच सांगितले होते. नवऱ्याच्या आडनावाखाली पाहायचे मला सुचले नाही, कारण आमच्या केंद्रात बाईची फाईल बाईच्याच नावाने लावतात असा माझा समज होता. चष्मेवाल्या ताईंचा समज वेगळा असावा. दोन्ही समज कुठेही लिहिलेले नव्हते.

फायलीत तीन भेटींच्या नोंदी होत्या, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरची झेरॉक्स होती, आणि 'यापुढे हात उचलणार नाही' असे लिहून नवऱ्याने केलेली सही होती. हा कागद वेळेवर मिळता तर निकाल वेगळा लागला असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तडजोडीच्या टेबलावर ती इतकी रिकाम्या हाताने बसली नसती, हे नक्की.

(बाईची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे छापायला तिची परवानगी घेतली आहे.)

तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आपण स्त्रियांच्या संघटना चालवतो. घरकामाला मोल नाही, ते दिसत नाही, केले तर कोणी विचारत नाही आणि राहिले तर सगळे ओरडतात, हे आपण गेली कित्येक वर्षे शिबिराशिबिरांतून सांगत आलो. मग आपल्याच संघटनेतले हे घरकाम, म्हणजे कागद लावणे, नोंदी ठेवणे, जुने-नवे वेगळे करणे, आपण नेमके त्याच पद्धतीने का वागवतो? ज्याचे अक्षर चांगले त्याच्या गळ्यात किंवा सर्वांत नवी असेल त्या मुलीच्या गळ्यात. तिच्या कामाच्या यादीत ते नसते, मानधनात धरलेले नसते आणि वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख नसतो. दुपारी फोन थांबले की करायचे काम ते. आणि फोन कधी थांबत नाहीत.

हा प्रश्न आता एका संस्थेपुरता राहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या चार संस्थांनी मिळून एक सामाईक संग्रह करायचे ठरवले. अर्जांचे नमुने, प्रशिक्षणाची टिपणे, पत्रके, सर्वेक्षणे आणि कायद्याची माहिती चौघींनी एकत्र ठेवायची, म्हणजे प्रत्येकीला पहिल्यापासून सुरुवात करायला नको. कल्पना उत्तम होती. इंटरनेटवर एक सामाईक फोल्डर उघडला आणि सगळ्याजणी उत्साहाने त्यात टाकत गेल्या. टाकत गेल्या हेच खरे. लावले कोणीच नाही.

वर्षभराने मी तो फोल्डर नीट पाहिला, तेव्हा एकाच अर्जाचे सात नमुने निघाले. 'अर्ज अंतिम', 'अर्ज अंतिम नवा', 'अर्ज नक्की अंतिम', 'ताईंनी तपासलेला'. कोणता खरा हे ज्या ताईंनी तपासला त्यांनाही सांगता येईना. पोलिसांना द्यायच्या तक्रारीच्या नमुन्यांत काही ठिकाणी भारतीय दंड संहितेचे कलम ४९८अ तसेच राहिले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि त्या तारखेनंतरच्या छळासाठी आता कलम ८५ आणि ८६ लावावे लागते. तालुक्याच्या एका कार्यकर्तीने जुना नमुना भरून बाईला पोलीस ठाण्यात पाठवले आणि तिथे तिला, "तुमच्या संस्थेलाच कायदा माहीत नाही," असे ऐकून परत यावे लागले. फेरी बाईची वाया गेली, त्या दिवसाची मजुरी बुडाली. तक्रार नोंदवून घेताना कलम कोणते ते पाहणे पोलिसांचे काम आहे, हे खरेच. पण त्यांच्या हाती हे निमित्त आपण दिले.

यावर एक मैत्रीण चटकन म्हणाली, "मग जुने सगळे काढून टाकू." तेही चालणार नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी संहिताच लागू होते. म्हणजे जुना नमुना हवा आहेच, पण त्याच्या माथ्यावर 'या तारखेपर्यंतच्या घटनांसाठी' असे ठळक लिहिलेले हवे. जपायचे काय, बाजूला काढायचे काय आणि का, हे ठरवण्यासाठी कायद्याची, कामाची आणि माणसांची जाण लागते. म्हणून हे काम कारकुनी आहे असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंशी मी यावरून वाद घातला. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या आहेत. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही रस्त्यावर होतो. कागद रंगवत बसलो असतो तर चळवळ कोणी केली असती?" मी त्यांना मथुरेची आठवण करून दिली. १९७२ साली आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. तो छापील निकाल वाचून उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या, १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. रस्त्यावर उतरण्याआधी कोणीतरी एक कागद नीट वाचला होता, आणि वाचता यावा अशा जागी तो कागद होता.

उलट बाजूही आपल्या घरातलीच आहे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापले गेले. १८८५ साली महात्मा फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्याची दखल घेतली. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा वर आले. मधल्या नव्वद वर्षांत किती जणींनी तोच संताप पहिल्यापासून, एकटीने सहन केला असेल? आपल्याआधी कोणी हे बोलले आहे हे माहीत असण्याने बळ येते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या कामाच्या नोंदी कोणी ठेवल्या नव्हत्या, म्हणून या दोघींना गावोगावी जाऊन, वयस्क बायकांना भेटून ते सारे गोळा करावे लागले. ज्यांच्यापर्यंत त्या पोचू शकल्या नाहीत त्यांचे काम त्यांच्याबरोबरच गेले. ज्यांच्या हाती सत्ता असते त्यांचे कागद सरकार, न्यायालय आणि देवस्थाने सांभाळतात. आपले आपल्यालाच सांभाळावे लागतात.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. कार्यकर्त्या म्हणतात, "कागदांपायीच तर आम्ही मेलो. निधी देणाऱ्यांना तिमाही तक्ते द्या, फोटो द्या, सह्या द्या. आणखी कागद नकोत." ही तक्रार खरी आहे. आज आपण पुष्कळ लिहितो, पण ते वर पाठवण्यासाठी. किती केसेस आल्या, किती 'सुटल्या', किती सभा झाल्या. आमच्या त्या बाईचा आकडा आठ वर्षांपूर्वीच्या अहवालात नक्की असणार. आकड्यात ती सापडते, कपाटात सापडत नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मीही केस-नोंदी लिहायला शिकले. पण ते लेखन मार्गदर्शकांनी तपासावे म्हणून होते. पाच वर्षांनी एखादी अनोळखी सहकारी, समोर रडणारी बाई बसली असताना, ही फाईल उघडेल आणि तिला पाच मिनिटांत सगळे कळले पाहिजे, या दृष्टीने लिहायला मला कोणी शिकवले नाही. मला आणखी कागद नको आहेत. आहेत त्यांतले कमी करून, पुढच्या बाईला आणि पुढच्या कार्यकर्तीला उपयोगी पडतील असे हवे आहेत.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा. लिहून ठेवले तर ते फुटेल, नवऱ्याच्या हाती लागेल, न्यायालय मागवेल. ही भीती बाळगायलाच हवी. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि गावात तर आडनाव आणि वस्ती एवढ्यावरून बाई ओळखू येते. म्हणून आम्ही एक नियम कडकपणे केला. चार संस्थांच्या सामाईक संग्रहात कोणत्याही बाईची केस जाणार नाही. तिथे नमुने, माहिती आणि पत्रके. केसची फाईल ज्या केंद्रात बाई आली त्याच केंद्रात, कुलपात राहील, आणि किल्ली कोणाकडे आहे ते लिहिलेले असेल. प्रशिक्षणासाठी उदाहरण हवे असेल तर नाव, गाव, जात, मुलांची संख्या बदलून, आणि बाईला विचारून. २००५ च्या कायद्यातही नोंदणीकृत सेवा देणाऱ्या संस्थेला घरगुती घटनेचा अहवाल लिहिण्याचा अधिकार दिला आहे तो 'बाईची इच्छा असेल तर'. कागद तिचा आहे, आपण तो सांभाळणारे, एवढे लक्षात ठेवले की काय लिहायचे आणि काय नाही याचा अर्धा उलगडा होतो. 'बाई खोटे बोलत असावी', 'स्वभाव तापट' असली आपली मते फायलीत लिहायची आपल्याला काही गरज नाही. ती उद्या तिच्याच विरुद्ध वाचली जातील. तारीख, तिने सांगितलेले तिच्या शब्दांत, आपण डोळ्यांनी पाहिलेले, आपण काय केले आणि पुढे काय ठरले, एवढे पुरे.

आम्ही आता काय करतो ते सांगते. यात मोठे शास्त्र काही नाही.

बाईची फाईल क्रमांकाने लावतो. सोबत एक सूचीवही आहे. तिच्यात बाईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, घरी हाक मारतात ते नाव, असे तिन्हींनी शोधता येते. लग्नाने नाव बदलते, घटस्फोटाने पुन्हा बदलते. क्रमांक बदलत नाही.

सामाईक संग्रहाच्या तोंडाशी एकच पान ठेवले आहे. त्याचे नाव 'आधी हे वाचा'. इथे काय आहे, कुठे आहे, कोणासाठी आहे, काय इथे ठेवू नये, आणि अडले तर कोणाला विचारावे, एवढेच त्यावर आहे. हे पान काल कामाला लागलेल्या मुलीला वाचून कळले पाहिजे, ही त्याची कसोटी. दर नव्या कार्यकर्तीला आम्ही ते वाचायला देतो आणि तिला जे कळत नाही ते तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतो.

प्रत्येक कागदाच्या नावात आधी साल, मग महिना, मग विषय. म्हणजे ते आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. 'अंतिम' हा शब्द वापरायला बंदी आहे. नमुना एकच चालू, बाकीचे 'जुने' या खणात, प्रत्येकावर कधीपासून कधीपर्यंत लागू ते लिहून. कोणी बदल केला तर शेवटी एक ओळ: तारीख, काय बदलले, का, सही.

फोनवरच्या धमकीच्या मेसेजची छापील प्रत ठेवताना ती कोणत्या फोनमधून, कोणी, कोणत्या दिवशी काढली हे लगेच लिहून ठेवतो, आणि मूळ मेसेज पुसू नका असे बाईला बजावतो. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते. सहा महिन्यांनी हे तपशील कोणाला आठवत नाहीत.

जुन्या संगणकावरच्या पत्रकांनी आम्हाला रडवले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी आज उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दोघीजणींनी उन्हाळाभर बसून, छापील प्रती समोर ठेवून, ती युनिकोडमध्ये पुन्हा टंकली. ज्यांच्या छापील प्रती उरल्या नव्हत्या त्यांतली काही गेली ती गेलीच. म्हणून आता महत्त्वाच्या कागदाची एक प्रत संगणकावर, एक छापील आणि एक दुसऱ्या संस्थेच्या जागेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम आता एकीचे नाही. चारही संस्थांतून तीन-तीन महिन्यांची पाळी लावली आहे. जिची पाळी तिचा आठवड्यातला अर्धा दिवस यासाठी मोकळा, त्या दिवशी तिला गृहभेट लावायची नाही, आणि तो वेळ तिच्या कामाच्या तासांत धरायचा. पाळीतून कार्यकारिणीही सुटलेली नाही. ज्या ज्येष्ठ बाईंशी माझा वाद झाला त्यांचीही पाळी झाली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात १९८०च्या दशकातल्या एका मोर्चाच्या फोटोमागे, त्यात कोण कोण आहे ती नावे लिहून काढली. अकरा जणी होत्या. त्यांतल्या सात नावांची आठवण आता फक्त त्यांनाच होती. "बरं झालं विचारलंस," एवढेच त्या म्हणाल्या.

नव्या प्रस्तावात आम्ही निधी देणाऱ्यांकडे या अर्ध्या दिवसाचे मानधनही मागितले आहे. मिळेल की नाही माहीत नाही. पण मागितले तरच ते काम आहे हे त्यांना आणि आपल्यालाही कळेल. आपल्या वाचकांत अनेकजणी बचतगटात, महिला मंडळात, संघटनेत काम करतात. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिल्या तिनात घ्यावा. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नको. आपल्याकडचे कागद कोण लावते, तिला त्यासाठी वेळ दिला आहे का, आणि ती उद्या आली नाही तर दुसरीला सापडतील का, एवढे तीन प्रश्न विचारून पाहावेत.

फाईल सापडल्यावर मी त्या बाईला फोन केला होता. कसे सांगावे ते कळत नव्हते. तिने ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाली, "आता काय करायचं ताई, झालं ते झालं." मग म्हणाली, "पण त्याची एक झेरॉक्स मला द्या. माझ्यापाशी राहू दे."

तेव्हापासून, घरी ठेवणे धोक्याचे नसेल तर, बाईच्या फायलीतल्या कागदांची एक प्रत आम्ही त्याच दिवशी तिच्या हाती देतो. धोक्याचे असेल तर कोणत्या मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे ठेवायची ते तिलाच विचारतो. हे आधीच करायला हवे होते.